दीड मिलिमीटरचा प्रश्न

गणपतीच्या दिवसांत आमच्या वाद्यवृंदाचे लागोपाठ चार कार्यक्रम असतात. तिसऱ्या रात्री साडेबाराला घरी आलो, जेवायला बसलो आणि ताटातली लिंबाची फोड डाव्या हाताने उचलली. बोटांची टोकं अशी चरचरली, की फोड तशीच खाली पडली. बायकोने माझ्या बोटांकडे बघितलं, मग कोपऱ्यात उभ्या केलेल्या मँडोलिनकडे. म्हणाली, "बोटं काही बदलून मिळत नाहीत. ते तरी बदल."

त्या मँडोलिनला तीस वर्षं होत आली. १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आला, शाहरुख खान मोहरीच्या शेतात मँडोलिन घेऊन उभा राहिला आणि माझ्यासारख्या अनेक कॉलेजकुमारांना आपल्यालाही हे वाजवता आलंच पाहिजे असं वाटलं. शिकवण्यांच्या पैशांतून मी चपट्या पोटाचं, कोलकात्याचं, प्लायवूडचं एक मँडोलिन घेतलं. किंमत विचारू नका, तेव्हा घासाघीस करून घेतलं होतं आणि त्याचा अभिमान होता. पुढे नोकरी लागली, मुलं झाली, ऑर्केस्ट्रा सुरू झाला. मँडोलिन तेच राहिलं.

बदलायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे साठ हजार रुपये होते. ही रक्कम अवघड आहे. नवशिक्याच्या वाद्यासाठी फार आणि उस्तादाच्या वाद्यासाठी हास्यास्पद. लोकांना विचारायला लागलो तर प्रत्येक जण आवाजाबद्दल बोलायचा. गोड आहे, भरदार आहे, लाकूड ‘उघडलंय’. माझं दुखणं मात्र आवाजाचं नव्हतंच. मला हवं होतं हाताला हलकं वाद्य. पहिल्या पडद्यावर दाबताना दात-ओठ खावे लागू नयेत आणि शेजारच्या तारेला बोट लागून सूर मरू नये. यासाठी मराठीत नेमका शब्द नाही. वादक फक्त ‘हाताला बसतं’ किंवा ‘हाताला बसत नाही’ एवढंच म्हणतात. हे ‘बसणं’ मोजता येतं का, हे शोधण्यात माझे पुढचे आठ महिने गेले.

पहिला मुक्काम गिरगाव

नवीन घेण्याआधी जुन्याचं काय बिघडलंय ते तरी बघा, असं एका मित्राने सुचवलं आणि गिरगावातल्या एका दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे पाठवलं. चाळीच्या जिन्याखालची खोली, भिंतीला टांगलेली व्हायोलिन्स, एका कोपऱ्यात पोट फुटलेली गिटार. काकांनी मँडोलिन हातात घेतलं, वाजवलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये तार दाबली आणि पहिल्या पडद्यावर वाकून बघितलं. तिथे कागद सरकेल न सरकेल इतकीच फट हवी. माझ्या मँडोलिनमध्ये तिथून पोस्टकार्ड आरामात गेलं असतं.

"साहेब, हे तीस वर्षं असंच वाजवताय?"

मी मान हलवली.

"मग बोटं तुमची नाहीत, गवंड्याची आहेत."

दांडीच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या जरा खाली, हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक खाचांची पट्टी असते. तिला नट म्हणतात. कारखान्यातून निघताना तिच्या खाचा उथळच ठेवलेल्या असतात, कारण जास्त खोल गेल्या तर तार पडद्याला लागून खरखरते आणि वाद्य परत येतं. उथळ ठेवल्या तर गिऱ्हाईक स्वतःच्या बोटांना दोष देतं आणि वाद्य परत येत नाही. उंच नटचा दुसरा तोटा असा, की पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर तार दाबताना ती इतकी ताणली जाते की सूर चढतो. ‘माझं पहिल्या पोझिशनमध्ये जरा चढं वाजतं’ असं मी वर्षानुवर्षं माझ्याच कानाला बोल लावून म्हणत आलो होतो.

काकांनी बारीक कानशीने खाचा उतरवल्या. मग घोडी, म्हणजे पोटावरची तारा पेलणारी लाकडी पट्टी, काढली. मँडोलिनची घोडी पोटाला चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने उभी असते. पोटावर सँडपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवला आणि त्यावर घोडी मागे-पुढे घासली. पोटाला जसा बाक आहे तसाच बाक घोडीच्या पायांना आला. शेवटी बाराव्या पडद्याजवळची तारांची उंची मोजली. आधी साडेतीन मिलिमीटर होती, आता दोन. चारशे रुपये घेतले. तारांचा नवा संच माझा मीच आणला होता.

मिरजेच्या लोकांना हे सांगायला नको. सतारमेकर गल्लीत जवारी न काढलेली, म्हणजे घोडीचा माथा घासून सूर न खुलवलेली, सतार आणि जवारी काढलेली सतार यांत किती फरक पडतो, तो तिथल्या पोरांनाही कळतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्या भोपळ्याच्या आणि लाकडाच्या आल्या. पण त्या वाद्याचं अर्धं मोल घोडीवर फिरणाऱ्या कानशीत आहे. मँडोलिनचं काम वेगळं असलं तरी जात तीच. ते काम वाद्य विकताना कोणी करून देत नाही, आणि नंतर करून घ्यायचं असतं हे कोणी सांगत नाही.

एवढं करूनही दोन गोष्टी राहिल्या. बाराव्या पडद्यावरचा सूर तिथेच बोट नुसतं टेकवून निघणाऱ्या हार्मोनिकशी जुळवला, तरी मधले पडदे बेसूरच राहायचे. घोडी सरकवून सरकवून थकलो. पडदेच मुळात चुकीच्या अंतरावर बसवले होते. आणि दांडीत लोखंडी सळई नसल्याने ती तारांच्या ओढीने कायमची पुढे झुकली होती. हे न दुरुस्त होणारे दोष. म्हणजे नवीन घेणं भागच होतं. पण आता मला निदान काय मागायचं ते कळलं होतं.

आठ तारा, ऐंशी किलो

थोडं यंत्राबद्दल. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या: जी, डी, ए, ई. हे सूर व्हायोलिनचेच. तारेची वाजणारी लांबीही जवळपास व्हायोलिनएवढी, साधारण ३५ सेंटीमीटर. त्यामुळे एक वाद्य येणाऱ्याची बोटं दुसऱ्यावर आपोआप चालतात. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन वाजवायचे आणि लक्ष्मीकांत कुडाळकर मँडोलिन. दोघांच्या हातांत एकच भूगोल होता, हे मला फार उशिरा लक्षात आलं. लक्ष्मीकांत यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९३७चा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचा म्हणून हे नाव, असं सांगतात. पार्ल्याच्या गरीब वस्तीतला हा मुलगा कुलाब्याच्या रेडिओ क्लबमधल्या कार्यक्रमात मँडोलिन वाजवायला बसला आणि लता मंगेशकरांच्या नजरेत भरला.

व्हायोलिनवर तारा चार आणि गज फिरतो. इथे तारा आठ आणि पोलादी. नेहमीच्या वापरातल्या, सगळ्यांत बारीक तार ०.०११ इंचाची असलेल्या संचात आठही तारांची ओढ मिळून सुमारे ८० किलो होते. म्हणजे ओंजळीत मावेल एवढ्या डब्यावर एक जाडसर माणूस लटकलेला. त्यामुळे मँडोलिन गिटारपेक्षा बोटांना कडक लागतं. ०.०१० इंचाचा हलका संच लावला की बराच आराम पडतो, पण आवाज थोडा पातळ होतो. नेपल्सच्या घाटाची गोल पाठीची जुनी मँडोलिन्स काही गोवेकर घरांत अजून आहेत. त्यांना हा जाड संच चुकूनही लावू नये, पोट बसतं.

आता रुंदी. नटपाशी दांडी किती रुंद, यावर हाताचं अर्धं सुख अवलंबून असतं. गिटारची असते सुमारे ४३ मिलिमीटर. आजच्या बहुतेक अमेरिकी घाटाच्या मँडोलिनची २८.६, आणि ‘रुंद’ म्हणून विकतात ती ३०.२. फरक १.६ मिलिमीटर. कागदावर हा आकडा बघून मला हसू आलं होतं. पण चार जोड्यांमध्ये मोकळ्या जागा तीनच असतात. प्रत्येक फटीला अर्धा मिलिमीटर जास्त मिळतो. माझी बोटं वडिलांच्या वळणावर गेलीत, वांग्यासारखी. त्या अर्ध्या मिलिमीटरने शेजारची जोडी मुकी होते की वाजते, हे ठरतं.

याच्या अगदी उलट बाजू मला पुण्यातल्या एका मँडोलिनवादक बाईंनी दाखवली. हात लहान, बोटं लांबट. त्यांनी मला एक कॉर्ड धरायला सांगितली: जी तारेवर सातवा पडदा, डीवर पाचवा, एवर दुसरा, ईवर तिसरा. अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीतवाल्यांची ही रोजची भाकरी. दुसऱ्या पडद्यापासून सातव्यापर्यंत जवळजवळ आठ सेंटीमीटरचा ताण पडतो, आणि वर करंगळीने सगळ्यांत लांबची जाड जोडी दाबायची. "दांडी रुंद दिलीत तर माझी करंगळी तिथे पोचतच नाही," त्या म्हणाल्या. "मला निमुळतीच हवी, आणि मागून जरा टोकदार. तुम्हाला जे आवडेल ते मला शिक्षा वाटेल." माझ्या दांडीची पाठ त्यांना लाटण्यासारखी वाटली, त्यांची मला नावेच्या तळासारखी. मग आम्ही चहा घेतला आणि एकमेकांची वाद्यं परत केली.

पडद्यांची जाडी, पटरी (पडदे बसवलेली फळी) सपाट की किंचित बाकदार, या गोष्टी यानंतरच्या. बाकदार पटरीवर एका बोटाने दोन जोड्या दाबणं सोपं जातं. जाड पडद्यांवर बोट कमी दाबावं लागतं. बाकी सवयीचा भाग. एक मात्र मुंबईकराने जरूर बघावं: दांडीच्या पाठीचं पॉलिश. तिथे चकचकीत लॅकर असेल तर मे महिन्यात अंगठा फ्लायपेपरवर बसल्यासारखा चिकटतो. मंद, अर्धवट पुसलेलं पॉलिश घ्यावं. जाणकार लोक नव्या वाद्याचं पॉलिशही तिथून मुद्दाम खरडून काढतात.

नक्षीचे पैसे

मँडोलिनच्या बाजारात शिरलं की पहिली भुरळ घालते ती ‘एफ’ घाटाची नक्षी. डाव्या खांद्यावर शंखासारखी वळलेली कमान, खाली दोन टोकं. ऑरव्हिल गिब्सन या अमेरिकी कारागिराने १८९८ साली कोरीव पोटाच्या मँडोलिनचं पेटंट घेतलं. पुढे त्याच्या नावाच्या कंपनीत लॉइड लोअर नावाच्या माणसाने १९२२ ते १९२४च्या दरम्यान ‘एफ-५’ हे मॉडेल घडवलं. व्हायोलिनसारख्या एफ आकाराच्या झरोक्यांचं हे मँडोलिन त्या काळी फारसं खपलं नाही. मग बिल मन्रो या केंटकीच्या गायक-वादकाने १९४०च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात दीडशे डॉलरला त्यातलं एक विकत घेतलं. आत ९ जुलै १९२३ ही तारीख आणि लोअरची सही. त्यावर मन्रोने ब्लूग्रास हा अख्खा संगीतप्रकार उभा केला. १९८५ साली कोणीतरी त्याच्या घरात घुसून चुलीच्या सळईने ते फोडलं. गिब्सनच्या कारागिराने ढलप्या जुळवून जुळवून ते पुन्हा उभं केलं आणि मन्रो तेच वाजवत राहिला. आज लोअरच्या सहीच्या वाद्यांच्या किमती लाखाहून अधिक डॉलरच्या घरात आहेत.

या कहाणीची किंमत आजचं प्रत्येक गिऱ्हाईक भरतं. शंख कोरायला, त्याच्या काठाने पट्टी बसवायला वेळ लागतो. पैसे त्या वेळेचे. ‘ए’ घाट साधा, थेंबासारखा. लाकूड तेच, दांडी तीच, आवाजात नक्षीमुळे फरक ऐकू येत नाही. एकाच कारखान्यात त्याच दर्जाचं ‘ए’ बरंच स्वस्त पडतं. ईस्टमन कंपनीच्या मॉडेलांचे आकडे यासाठी बघायला मजेदार आहेत: एमडी-३०५ हा ‘ए’ घाट, एमडी-३१५ हा ‘एफ’, मधला शून्य आणि एक, एवढाच फरक, आणि त्या एकाचे पैसे. शेवटी ४ असेल तर अंडाकृती झरोका, ५ असेल तर एफ आकाराचे. अंडाकृती झरोक्याचा आवाज गोल आणि रेंगाळणारा, एफचा तुटक आणि पुढे फेकला जाणारा. ईस्टमन ही कंपनी १९९२ साली व्हायोलिनपासून सुरू झाली, काम बीजिंगला. कोरीव पोट त्यांच्या हातात बसलेलं आहे. केंटकी नावाची मँडोलिन्सही आता चीनमध्येच होतात. नावावर जाऊ नये.

माझ्या भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगत होतो. तो न्यू जर्सीला असतो, कॉम्प्युटरवाला. म्हणाला, "मामा, तू एफच घे रे. स्टेजवर दिसतं तरी." त्याचं चूक नाही. ऑर्केस्ट्रात दिसणं हा अर्धा धंदा आहे. पण साठ हजारांत एफ घ्यायचं तर आत प्लायवूड किंवा वाफेवर दाबून बाक आणलेली फळी येते. कोरीव फळीचं पोट ओळखायची एक खूण काकांनी दाखवली होती: झरोक्याच्या काठावर बॅटरी मारून बघायचं. लाकडाच्या रेषा वरून काठात सरळ उतरत असतील तर अखंड फळी. सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. दाबलेलं आणि कोरलेलं यांत फरक करणं मात्र त्यांनाही दरवेळी जमत नाही.

प्लायला सरसकट नाक मुरडू नये, हेही सांगतो. जुलैत मुंबईची हवा ऐंशी टक्क्यांच्या वर ओलसर असते. अखंड फळी पाणी पिते, पोट फुगतं, घोडी वर उचलली जाते आणि महिन्याभरापूर्वी दोन मिलिमीटरवर बसवलेली तार अडीचवर जाते. प्लाय ढिम्म हलत नाही. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर राहून वर्षाला दहा कार्यक्रम करणाऱ्याने प्लायचं वाद्य घेतलं आणि ते नीट लावून घेतलं, तर मी त्याला शहाणाच म्हणेन.

आणि तारांची उंची तरी सगळ्यांना एकच कशी? मन्रोच्या परंपरेत मँडोलिन ढोलकीचंही काम करतं. माइकसमोर चार जण उभे, त्यात ठोका ऐकू गेला पाहिजे. तार खाली असेल तर जोराच्या फटक्याला ती पडद्यांवर आपटते. आमच्याकडे ट्रेमोलोचा, म्हणजे तार सतत कंपत ठेवण्याचा, कारभार जास्त. माइक तोंडाशी, फटका हलका. आम्हाला दीड मिलिमीटरही चालतं. ज्याला रागदारी वाजवायची त्याचा प्रश्न आणखी वेगळा. सज्जाद हुसेन यांनी मँडोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवले. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी सरळ जोड्याच काढून टाकल्या आणि एकेरी पाच तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं. जोडीतल्या दोन तारा एकसारख्या ओढून मींड घेणं ही कसरत आहे. मींड हवी असेल तर कोरीव पोटावर पैसे घालवूच नयेत.

विमानातून

शेवटी काय घेतलं ते सांगतो. अमेरिकेतल्या एका छोट्या कारागिराच्या हातचं, कोणीतरी पंधरा वर्षं वाजवलेलं, ‘ए’ घाटाचं मँडोलिन. नटपाशी ३०.२ मिलिमीटर, पटरीला बाक, दांडीचं पॉलिश आधीच्या मालकाच्या अंगठ्याने उडवलेलं. नवं असतं तर माझ्या आवाक्याबाहेर गेलं असतं. सेकंडहँड, आणि पोटावर नखीच्या ओरखड्यांचं एक शेत, म्हणून जमलं. या रकमेत मला सेकंडहँडच सगळ्यांत पटलं. पहिल्या मालकाच्या हातात वाद्याच्या सगळ्या खोडी उघड्या पडलेल्या असतात. दांडी झुकायची असती तर एव्हाना झुकली असती.

भाच्याने फोनवरून मला ते वाजवून दाखवलं. त्याला वाजवता येत नाही. मी त्याला सांगितलं, बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकव आणि वाजव. आता दाबून वाजव. दोन्ही सूर एकच येतात का? मग प्रत्येक पडदा एकेक करून दाब. चौऱ्याऐंशी सूर झाले. भाचेसून मागून म्हणाली, "अहो, शेजारी झोपलेत." सगळे सूर स्वच्छ होते.

डिसेंबरात तो आला. मँडोलिनची लांबी सत्तर सेंटीमीटरच्या आत असते, त्यामुळे ते विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसलं. निघताना तारा थोड्या सैल केल्या होत्या. सीमाशुल्काची चौकशी आधी केली होती, बिल सोबत होतं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण करावा.

पहिला आठवडा मी ते खालीच ठेवलं नाही. एफ पट्टीतली गाणी, ज्यांत पहिला पडदा सारखा लागतो, ती पहिल्यांदाच न घाबरता वाजवली. तरी एक गोष्ट खटकत होती. ई तारेच्या पहिल्या पडद्यावर सूर किंचित चढा लागायचा. विकणाऱ्या दुकानाने ‘पूर्ण सेटअप केलेलं’ असं लिहून दिलं होतं, तेव्हा मी पुन्हा माझ्या कानावरच शंका घेतली. रविवारी गिरगावला गेलो.

काकांनी नवं मँडोलिन उलटसुलट करून बघितलं. लाकडावरून हात फिरवला. मग दुसऱ्या-तिसऱ्या पडद्याच्या मध्ये तार दाबली, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्या पडद्याशी डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"अमेरिकेतसुद्धा नट घासत नाहीत वाटतं," म्हणाले आणि तीच कानस उचलली.

चारशेच रुपये घेतले.